मीठ चवीनुसार

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४०

सर्दी बरी. नऊ दिवस नाक चोंदलेलं होतं, आता श्वास आरपार. ताप नाही, अंगदुखी नाही. आजपासून कामावर.

आजपासून आणखी एक गोष्ट सुरू. परवा बाबांचं ब्लडप्रेशर बघून डॉक्टरांनी तोंड एवढंसं केलं. म्हणाले, दिवसभराचं सगळं मिळून एक लहान चमचा मीठ, त्याच्यावर चिमूटभरही नको. बाहेरचं बंद. आता आई गेल्यापासून आठ महिने आमच्याकडे बाहेरून डबा येतोय. बायको बँकेतून साडेसातला घरी टेकते, लेक कॉलेज आणि क्लासमध्ये, मी कारखान्यात. मग करणार कोण? मी. निर्णय झाला. सोपं, पौष्टिक, घरचं जेवण. रोज आठच्या ठोक्याला, चौघांनी एकत्र.

बायकोने विचारलं, तुम्हाला येतं का? तिला आठवण करून दिली की सूपच्या पाकिटांच्या कारखान्यात मी सतरा वर्षं चव तपासतोय, त्यातली सहा सीनियर म्हणून. मी मान डोलावल्याशिवाय एक पाकीट गेटबाहेर पडत नाही. ती म्हणाली, चाखणं वेगळं आणि करणं वेगळं. हा सर्वसाधारण गैरसमज आहे.

रात्री ८.५०

भोपळ्याचं सूप, उकडलेल्या भाज्या, भात. मीठ पाव चमचा, मोजून. चाखलं. पुठ्ठा. थोडं घातलं. ओला पुठ्ठा. आणखी थोडं घातलं. चमचा हे अडाणी माणसाचं साधन आहे. डॉक्टरांना काय माहीत माझी जीभ किती बारीक फरक पकडते. 'चवीनुसार' असं लिहितात ते माझ्यासारख्यांसाठीच.

कारखान्यातल्या चव-चिठ्ठ्या घरी आणल्या. एक ते नऊ. एक म्हणजे अजिबात आवडलं नाही, नऊ म्हणजे अतिशय आवडलं. जेवताना बोलायचं नाही, शेजाऱ्याच्या चिठ्ठीत बघायचं नाही. बायको ४. लेक ५. बाबा ९.

बाबांना कळतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

जगात सगळ्याचाच दर्जा घसरलाय. टूथपेस्टवाल्यांनी आतला थंडावा काढून टाकला. साबणाला वास नाही. कॅन्टीनची कॉफी म्हणजे तपकिरी गरम पाणी. कॅन्टीनवाल्याला तसं सुनावलं. तो म्हणाला, साहेब, तीच पावडर, तेच दूध, सतरा वर्षं तुम्हीच पिताय. ही माणसं कधी कबूल करत नाहीत. टूथपेस्टच्या कंपनीला पत्र लिहायचं.

नव्या टोमॅटो सूपची चाचणी झाली. पद्धत तीन कपांची: दोन सारखे, एक वेगळा, वेगळा कोणता ते सांगायचं. एरवी प्रत्येकाला बंद खोपटं असतं, आत लाल दिवा, म्हणजे रंगावरून ओळखता येऊ नये. सध्या खोपट्यांना रंग देतायत, म्हणून सगळे एका लांब टेबलावर. माझ्या डाव्या हाताला चष्मेवाली, दोन वर्षांची ज्युनियर. पोरीची जीभ चांगली आहे. सहाच्या सहा तिचे बरोबर. माझेही. तिच्या कागदात मी बघत नाही. तो दिसतो.

घरी मसूरचं सूप आणि ऑम्लेट. बायको ३. शेरा: खारट. लेक ४. शेरा: ह्ह्ह. बाबा ९. ब्लडप्रेशर १५२/९२. लेक मोजते. बाबा मोजताना बोलतात, त्यामुळे आकडा चढतो. उद्यापासून गप्प बसायला सांगितलं.

८ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. भाज्या घालून ओट्स. पातेलं गॅसवर ठेवून शेजारीच उभं राहून पुढच्या आठवड्याचा मेन्यू लिहीत होतो. लेक आतल्या खोलीतून ओरडत धावत आली, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, पातेलं सिंकमध्ये फेकलं. तळ काळा कुळकुळीत. मला म्हणाली, तुम्ही इथेच उभे होतात ना?

मी म्हटलं, वास मला कधीच आला होता, तुम्हाला कोणाला किती वेळात येतो ते बघत होतो. दोन मिनिटं लागली असावीत. तशी नोंद केली.

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. या वयात मुली अशाच बघतात.

दुपारी पाव आणि उकडलेली अंडी. बाबा ९.

११ फेब्रुवारी, बुधवार

बायकोने पाठीत सुरा खुपसला. आज लवकर येऊन बाबांसाठी एक वाटी सूप आधीच वेगळं काढून ठेवलं. बिनमिठाचं. फडक्याखाली झाकून. मला सापडलं.

मी काही बोललो नाही. फक्त विचारलं की माझ्या सतरा वर्षांचं मोल घरात काय आहे. ती म्हणाली, अहो, तुमच्या सतरा वर्षांचा इथे काय संबंध, खारट आहे म्हणजे खारट आहे, माझे ओठ चरचरतायत. मी म्हटलं, डब्याचं जेवून जेवून तुझी जीभ बिघडली आहे, ताळ्यावर यायला तीन आठवडे लागतात. ती म्हणाली, तुम्ही एकदा कोणाला तरी दाखवून घ्या. काय दाखवून घ्या? सर्दी कधीच बरी झाली.

प्रश्न बाबांवर सोडला. दोन वाट्या त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी एकवार तिच्याकडे बघितलं, एकवार माझ्याकडे, आणि माझी वाटी ओढून घेतली. मला याच्याच हातचं हवं, म्हणाले. बायको ताडकन उठून आत गेली.

विजय. १५८/९४. थंडी आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

हल्ली मी बाबांच्या अगदी समोर बसतो. परीक्षकाचा चेहरा वाचायचा असेल तर समोरच बसावं लागतं. पहिला घास, चावणं, गिळणं, मग पाण्याचा ग्लास. बाबा पाणी फार पितात. चांगली सवय.

पूर्वी मी काय करायचो? आठवतंय. उशिरा यायचो, झाकलेलं ताट उघडायचो, फोनवर बोलत संपवायचो. आई गेली त्याच्या चौथ्या दिवशी एक्स्पोर्टच्या मालाची मीटिंग होती, ती मीच घेतली. सगळे म्हणाले, कमाल आहे तुमची. मला काही वाटत नव्हतं. अजूनही तसं काही वाटत नाही. हे लिहायचं कारण नव्हतं.

उद्या: मासा, वाफवून, लिंबू.

१६ फेब्रुवारी, सोमवार

कालचा मासा बाबांनी संपवला. बाकी दोघींनी फोडणी नाही, काही नाही म्हणत पाव खाल्ला. बायको २. लेकीने आकडा न लिहिता चिठ्ठीवर मासा काढला. मेलेला. चित्रकला बरी आहे.

१६४/९६. मशिन जुनं. लेकीने शेजारच्यांकडून दुसरं आणून मोजलं. १६६/९८. तेही जुनं.

संध्याकाळी बाबांनी सहज विचारलं, कारखान्यात सगळं ठीक ना? मी म्हटलं, एकदम. त्यांनी विचारलं, आणि तुझी ती सहामाही परीक्षा? दर सहा महिन्यांनी आमच्या जिभा तपासतात, नापास झालेल्याला चवीच्या खात्यात ठेवत नाहीत. मी म्हटलं, चोवीस तारखेला आहे, नुसती औपचारिकता. बाबा म्हणाले, हं. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. म्हातारपणी लक्ष भरकटतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

खोपट्यांचा रंग वाळला. चष्मेवाली आता भिंतीपलीकडे. लाल दिवा फार प्रखर लावलाय, एकाग्रता होत नाही. तशी लेखी तक्रार दिली. आजच्या सहापैकी माझे किती बरोबर आले ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. काही गोष्टी विचारायच्या नसतात.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज एक गंमत. लेकीने स्वतःहून तीन कप आणून माझ्यासमोर ठेवले. म्हणाली, तुमच्यासारखी चाचणी घेते. मला भरून आलं, म्हणजे यायला हवं होतं. बापाचं काम पोरीने उचललं.

तिन्हींत पारदर्शक पाणी. कोमट, बरोबर. मी रीतसर एक घोट, चूळ, दुसरा घोट, चूळ, तिसरा, चूळ. उत्तर दिलं: तिन्ही सारखे. तिला समजावलं की बाळा, इथेच तू चुकलीस. या पद्धतीत एक कप वेगळा असावाच लागतो, नाहीतर चाचणीला अर्थ नाही. कागदावर आकृती काढून दाखवली. अर्धा तास शिकवलं. ती सगळं ऐकत होती. मध्येच म्हणाली, पप्पा, तिसऱ्यात मी चार चमचे मीठ घातलं होतं.

मी म्हटलं, विरघळलं नसेल.

ती आत गेली. थोड्या वेळाने बायको स्वयंपाकघरात आली. तो तिसरा कप उचलून एक घोट घेतला आणि सिंककडे धावली. ओकारी काढली बिचारीने. तिचं पोट हल्ली नाजूक झालंय.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मिठाचा डबा जागेवर नाही. विचारल्यावर बायको म्हणाली, आजपासून मीठ मी घालणार. सकाळी मोजून एका डबीत काढून ठेवलं आहे, चौघांचं, दोन्ही वेळचं. आवाज चढवला नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाली, अहो, भांडायचं नाहीये मला, आपण डॉक्टरकडे जाऊ. असा हात ठेवल्यावर माणसाला काहीतरी वाटत असावं. मी म्हटलं, चोवीसनंतर बघू.

डबीतल्या मिठाने केलेलं सूप चाखलं. नुसती ऊब. असलं काही मी सतरा वर्षांत पास केलेलं नाही. हे बाबांपुढे ठेवू? पोटच्या पोराने?

उतरून खालच्या दुकानातून मिठाचं लहान पाकीट आणलं. ऑफिसच्या बॅगेत ठेवलं, फाइलींच्या मागे. हा लपवाछपवीचा प्रकार नाही. हे दर्जाचं नियंत्रण आहे.

बाबांची वाटी नेताना पॅसेजमध्ये दोन चिमटी घातल्या. बाबांचं दार उघडंच होतं. पलंगावर बसून इकडेच बघत होते. ९.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

परीक्षा झाली. बारा संच, प्रत्येकी तीन कप. माझे दोन बरोबर. नमुने खराब होते.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. म्हणाले, डोळे मिटून नुसतं बोट ठेवलं असतं तरी चार आले असते. हे ते हसून म्हणाले, पण हसू पुढे टिकलं नाही. मग म्हणाले, सर्दीनंतर होतं असं कधीकधी, लाज कसली त्यात, नाक-घशाच्या डॉक्टरांचं पत्र आणा. तोवर पॅकिंगकडे बसा.

पॅकिंगकडे बसलो. खोक्यांवरची लेबलं सरळ आहेत का ते बघायचं. सरळ होती.

साहेबांनी दिलेली डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली. घरी काही बोलायचं कारण नाही. उगाच काळजी करतात.

बाबांनी विचारलं, कशी झाली परीक्षा? मी म्हटलं, पहिल्या नंबराने. ते म्हणाले, वा. आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिथे काहीतरी हलल्यासारखं झालं, पाठीत. बसून बसून आखडली असेल.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

फुलकोबीचं सूप. बॅगेतून तीन चिमटी. १७८/१०४. आकडा सांगताना लेकीचा आवाज बसला. बायकोने डबी उघडून बघितली, मीठ मोजलेलं तेवढंच वापरलेलं होतं. ती चक्रावून गेली. म्हणाली, मग वाढतंय कशानं? डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी वाढवली आणि सोमवारी घेऊन या म्हणाले.

मी म्हटलं, बघ, म्हणजे प्रश्न मिठाचा नव्हताच. तिने माझं म्हणणं ऐकून घेतलं. पहिल्यांदाच.

१ मार्च, रविवार

सकाळी बाबा बाथरूमच्या दारात खाली बसले. पडले नाहीत, बसले, भिंत धरून. डोकं धरून म्हणाले, गरगरतंय. उजवा हात नीट उचलत नव्हता. लेकीने मशिन लावलं. २०४/११६. ॲम्ब्युलन्स. मी बॅग घेतली, ऑफिसची, सवयीने.

डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, आणखी तासभर उशीर झाला असता तर सांगता येत नाही. हात येईल परत, सावकाश. मग आमच्याकडे वळून विचारलं, मीठ बंद केलं होतं ना? घरात स्वयंपाक कोण करतं?

बायकोने माझ्याकडे बघितलं. लेकीने जमिनीकडे. मी तोंड उघडलं, काय बोलणार होतो ते आठवत नाही.

पलंगावरून बाबा बोलले. जीभ जडावली होती तरी स्पष्ट बोलले. घरच्यांना काही म्हणू नका, डॉक्टर. मुलगा सगळं मोजूनमापून करतो. मीच चोरून खारे दाणे खातो. पाकिटंच्या पाकिटं.

डॉक्टर रागावले, म्हातारी माणसं लहान मुलांसारखी असतात म्हणाले. बायको खुर्चीत बसून रडायला लागली, म्हणाली, बाबा, का हो असं केलंत? सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं.

म्हणजे माझं जेवण निर्दोष. मी म्हणतच होतो.

२ मार्च, सोमवार. सकाळी ९.१५

रजा घेतली. बाबा घरी यायच्या आत दाणे शोधून फेकायचे. पद्धतशीर शोध.

कपाट: धोतरं, स्वेटर, आईची शाल, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या. दाणे नाहीत. उशीखाली नाहीत. गादीखाली नाहीत. टेबलाच्या खणात माझ्या चव-चिठ्ठ्या, तारखेप्रमाणे लावलेल्या, रबरबँड घालून. दाणे नाहीत. कचऱ्यात पाकीट नाही, साल नाही, सुरळी नाही.

११.००

खालच्या दुकानदाराला विचारलं, बाबा दाणे किती न्यायचे? तो म्हणाला, आजोबा? त्यांचे गुडघे गेल्यापासून वर्षभरात जिना उतरलेले बघितले नाहीत मी. मग म्हणाला, दाणे नाही, पण मीठ तुम्ही नेलंत की, मागच्या सोमवारी.

जिना चढून वर आलो. बॅग उघडली. पाकीट निम्मं रिकामं.

निम्मं. एका आठवड्यात. एका माणसाच्या वाटीत.

संध्याकाळी ६.००

हॉस्पिटलमध्ये बाबा जागे होते. बसलो समोर. विचारलं, बाबा, दाणे कुठे ठेवलेत? म्हणाले, संपले. मी म्हटलं, बाबा. मग त्यांनी डाव्या हाताने चादर सारखी केली.

म्हणाले, पहिल्याच दिवशी कळलं होतं मला, भोपळ्याच्या सूपला. तोंडात धरवेना. तुझं काहीतरी गेलंय हे कळलं. पण तू तपासनीस, ते कारखान्यात कळलं तर नोकरी जाईल, घरात बोललो तर तुला लागेल. म्हटलं, येईल चार दिवसांत परत, तोवर खाऊ.

मी म्हटलं, पॅसेजमधलं बघितलंत तुम्ही. म्हणाले, बघितलं. मी म्हटलं, मग टाकून का नाही दिलंत, तुम्हाला काही झालं असतं तर मी आयुष्यभर काय तोंड दाखवलं असतं? हे मी असं मोठ्याने म्हटलं. नर्स आत डोकावून गेली.

बाबा म्हणाले, अरे, तू समोर बसायचास. मी घास घेतला की तोंडाकडे बघायचास. चाळीस वर्षांत तू माझ्याकडे इतकं बघितलं नव्हतंस. टाकून दिलं असतं तर उठून गेला असतास.

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. पाणी मागावं तसं सांगितलं. मग खरंच पाणी मागितलं. पाजलं.

५ मार्च, गुरुवार

बायकोला आणि लेकीला सगळं सांगितलं. बॅग, पाकीट, दोन चिमटी, तीन चिमटी. बायको ओरडेल असं वाटलं होतं. तिने उठून बॅग बाल्कनीत नेली आणि उलटी करून झाडली. लेक म्हणाली, मी त्या दिवशी जोरात सांगायला हवं होतं. मी तिला म्हटलं, तू चार चमच्यांनी सांगितलंस, आणखी किती जोरात सांगणार.

नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. कापसावर काहीबाही लावून हुंगायला लावलं, जिभेवर थेंब टाकले. पंधरा बाटल्या. एकही कळली नाही. सर्दीच्या विषाणूने नसा धरल्यात म्हणाले. परत येईल? येऊ शकेल. कधी? महिने लागतात. कधी येतही नाही.

साहेबांना पत्र दिलं. पॅकिंगला कायम.

८ मार्च, रविवार

बाबा घरी. १३८/८६. हाताने चमचा धरतात, थोडं सांडतं.

स्वयंपाक बायकोने केला. मी गाजरं सोलली. मीठ लेकीने मोजलं, लहान चमचा, वरून सुरीने सपाट करून.

आठला चौघं बसलो. चिठ्ठ्या नव्हत्या. बाबांनी पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. अगदी अळणी आहे ग, म्हणाले. बायको म्हणाली, सवय करा. मग बाबांनी मला विचारलं, तुला कसं वाटतंय रे?

मी सुरुवात केली. गाजराचा गोडवा आधी येतोय, मागून किंचित, म्हणजे शेवटी जरासा. तिथे थांबलो. तिघंही बघत होती.

म्हटलं, मला काहीही कळत नाही. गरम आहे एवढं कळतं.

बायकोने आणखी भात वाढला. तो खाल्ला. पोट भरलं असावं.